सांध्यांचा दाह: औषधं बदलली, पण खरा धडा वेळेचा आहे

आर्द्रा

आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, झाल्यापासून या विषयावरचं हाती लागेल ते वाचत आले आहे. सांधेदुखीवर चर्चा खूप होतात, पण गाडी बहुतेक वेळा 'कोणतं मलम चांगलं' आणि 'गुडघा बदलावा का' इथेच अडकते. संशोधकांनी सांध्याच्या आत डोकावून काय पाहिलं आणि त्यातून उपचार कसे बदलले, हे मला एका जागी कुठे सापडलं नाही. म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. कामाच्या निमित्ताने औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी हाताळते, त्यामुळे निकाल कसे वाचायचे ते थोडंफार कळतं.

निरोगी सांध्याला आतून एक नाजूक अस्तर असतं, सायनोव्हियम. जेमतेम एक-दोन पेशींच्या थराचं. वंगण तेच बनवतं, हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला (कार्टिलेजला) पोषणही त्याच्यामार्फत मिळतं. आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा या अस्तरावरच उलटते. तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी होते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, अस्तर जाड होत जातं आणि मग कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. सूज औषधाने ओसरते. कुरतडलेलं हाड मात्र सहसा पूर्ववत होत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हा दाह थांबवता येतो, हे जगाला ठळकपणे दिसलं १९४८ मध्ये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेन्च यांच्या १९२९ मध्येच लक्षात आलं होतं की कावीळ झालेल्या रुग्णाची सांधेदुखी कावीळ असेपर्यंत नाहीशी होते. गरोदरपणातही अनेकींना असाच आराम पडतो. म्हणजे दाह आवरणारं काहीतरी शरीरातच तयार होत असलं पाहिजे, असा त्यांचा तर्क. तो त्यांनी जवळपास वीस वर्षं सोडला नाही. शेवटी सप्टेंबर १९४८ मध्ये सहकारी एडवर्ड केंडल यांनी शोधलेलं कॉर्टिसोन हे स्टेरॉइड एका तरुण स्त्रीला टोचलं. जिला अंथरुणातून उठणंही मुश्कील होतं, ती काही दिवसांत चालू लागली. १९५० चं नोबेल हेन्च, केंडल आणि स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे रायश्टाइन यांना मिळालं. पुढे लोकांना मोठे डोस दीर्घकाळ दिले गेले आणि ठिसूळ हाडं, वाढलेली साखर, जंतुसंसर्ग हे सगळं उघड झालं. स्टेरॉइडची आजची धास्ती तिथून आली आहे.

दुसरा टप्पा लंडनचा. १९८० च्या दशकात पेशींमधले निरोप पोचवणारे रेणू, म्हणजे सायटोकाइन, एकामागून एक सापडत होते. सुजलेल्या सांध्यात ते डझनावारी असतात. मग एकाला अडवून काय होणार, असंच बहुतेकांना वाटत होतं. केनेडी इन्स्टिट्यूटमधले मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने शस्त्रक्रियेत काढलेलं रुग्णांच्या सांध्याचं अस्तर घेतलं, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत जिवंत ठेवल्या आणि त्यात टीएनएफ या सायटोकाइनविरुद्धचं प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे त्याला चिकटून अडवणारं प्रथिन) घातलं. टीएनएफ अडलं, आणि त्याच्यासोबत इंटरल्युकिन-१ या दुसऱ्या सायटोकाइनचं उत्पादनही घसरलं. हे १९८९ चं काम. रेणू डझनभर असले तरी त्यांच्यात उतरंड आहे आणि वरचा एक अडवला की खालचे थंडावतात, हे त्यातून कळलं. १९९२ मध्ये चॅरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना ते प्रतिपिंड दिलं गेलं, १९९४ मध्ये ७३ रुग्णांवरची प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसशी, तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली. आज बायोलॉजिक म्हणून जी इंजेक्शनं ओळखली जातात, त्यांची सांध्यांच्या आजारातली सुरुवात ही.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी चाचणी, जिच्यात नवं औषध एकही नव्हतं. ग्लासगोमध्ये झालेली टिकोरा, प्रसिद्धी २००४. ११० रुग्ण. अर्ध्यांना नेहमीसारखे उपचार. बाकीच्यांना दर महिन्याला बोलावायचं, प्रत्येक सांधा दाबून सूज मोजायची, आकडा ठरलेल्या पातळीच्या वर असेल तर त्याच भेटीत औषध वाढवायचं, सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन द्यायचं. औषधं दोन्हीकडे तीच जुनी. दीड वर्षाने आजार पूर्ण आटोक्यात आलेले रुग्ण: नेहमीच्या गटात १६ टक्के, दर महिन्याच्या गटात ६५ टक्के.

हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत बसले होते. नव्या रेणूची बातमी होते, वेळेवर मोजण्याची होत नाही.

वाटसरू

उत्तम सुरुवात. एक शंका. पत्नीची बोटं सकाळी आखडतात, मूठ वळत नाही, अंगठी निघत नाही. दुपारी सगळं ठीक. रक्तात आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून 'वात नाही' असं सांगून वेदनाशामक गोळी दिली गेली. हे बरोबर आहे का?

आर्द्रा

@वाटसरू, निदान करणारी मी कोणी नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आमवात असणारे रुग्ण बरेच असतात, आणि उलट पॉझिटिव्ह असून आजार नसलेलेही असतात. सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल तर तो दाहाकडे बोट दाखवतो. झिजेमुळे येणारा ताठरपणा हालचाल सुरू झाली की सहसा लवकर सुटतो. यामागे शरीराचं घड्याळ आहे: इंटरल्युकिन-६ सारखे रेणू आमवातात रात्रीच्या शेवटच्या प्रहरी चढतात आणि पहाटे कळस गाठतात. म्हणून दुपारी तपासायला गेलं की हात चांगलाच दिसतो. सकाळी फोटो काढून ठेवा.

बोटांच्या मुळाशी जे सांधे आहेत, ते हस्तांदोलन करताना दाबले जातात तसे दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून पाहा. तेवढ्याने कळ येत असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडेच, म्हणजे आमवातासारख्या आजारांच्या तज्ज्ञाकडेच, जा, इतरांकडे वेळ घालवू नका.

आईच्या वेळी डॉपलर सोनोग्राफी झाली, ती मी शेजारी उभी राहून पाहिली. बोटाच्या मुळाशी जेली लावून छोटा प्रोब टेकवला. पडद्यावर हाडाची पांढरी रेघ, तिच्यावर करड्या रंगाचं फुगलेलं अस्तर, आणि त्या अस्तरात नाडीच्या ठेक्यावर चमकून विझणारे लाल ठिपके. ते ठिपके म्हणजे दाहामुळे फुटलेल्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह. बाहेरून त्या बोटाला सूज जवळजवळ दिसत नव्हती.

शमी

मी पॅथॉलॉजीत काम करतो, थोडी भर घालतो. आरए फॅक्टरपेक्षा नेमकी तपासणी म्हणजे अँटी-सीसीपी. आपल्या प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकाचं काही परिस्थितीत सिट्रुलिनमध्ये रूपांतर होतं, आणि काही लोकांची प्रतिकारयंत्रणा त्या बदललेल्या प्रथिनाला परकं समजते. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने हे दाखवलं आणि त्यातून ही तपासणी आली. @वाटसरू, ती झाली नसेल तर विचारा. मात्र तीही निगेटिव्ह आली म्हणून आमवात नाहीच असं होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. साठवलेले जुने रक्ताचे नमुने तपासल्यावर दिसलं की ही प्रतिपिंडं पहिला सांधा दुखण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असतात. आजाराची सुरुवात बहुधा सांध्यात होतच नाही. फुप्फुसं आणि हिरड्या यांच्यावर संशय आहे. धूम्रपानाने फुप्फुसात सिट्रुलिनचे बदल वाढतात. स्वीडनमधल्या क्लारेस्कोग यांच्या गटाने २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा: प्रतिकारयंत्रणेशी संबंधित ठरावीक एचएलए जनुकाच्या दोन्ही प्रती आणि धूम्रपान हे एकत्र आलं, तर सिट्रुलिन-प्रतिपिंडं असलेल्या आमवाताचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे २१ पट. जनुक बदलता येत नाही, सिगारेट सोडता येते. घरात आमवात असेल तर पुढच्या पिढीला हे स्पष्ट सांगा.

निरभ्र

@शमी, मग आजार सुरू होण्याआधीच औषध देऊन तो टाळता येईल का?

शमी

त्यावर २०२४ मध्ये मोठा निकाल आला. एपिप्रा नावाची चाचणी, ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये. प्रतिपिंडं आहेत, सांधे दुखतात, पण सूज अजून नाही असे २१३ जण. अर्ध्यांना वर्षभर प्रतिकारयंत्रणेला आवरणारं अबॅटासेप्ट हे औषध, अर्ध्यांना प्लासिबो. वर्षअखेरीस आमवात झालेले: औषधावर ६ टक्के, प्लासिबोवर २९ टक्के. दुसऱ्या वर्षी औषध बंद होतं, तेव्हा आकडे २५ आणि ३७ झाले. म्हणजे आजार बराचसा पुढे ढकलला गेला, कायमचा टळला असं म्हणता येत नाही. तरीही सूज येण्याआधी हस्तक्षेप करून फरक पडतो, हे दिसलं हीच मोठी गोष्ट.

कोरांटी

मला गुडघ्यांचा त्रास आहे, वयपरत्वे झीज म्हणतात तो. तुम्ही सांगताय ती औषधं आम्हाला चालतात का? इतकं सगळं आमवातासाठीच का, असा प्रश्न पडतो.

दूरस्थ

@कोरांटी, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक लोक तुमच्याच प्रकारातले असतात.

ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणजे निव्वळ घासून झिजणं, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. तिथेही अस्तरात दाह असतो, फक्त मंद. कूर्चेखालचं हाडही बदलत असतं. म्हणून आमवाताची औषधं इथे चालतील अशी आशा होती. बोटांच्या झिजेत टीएनएफ अडवणारी औषधं वापरून पाहिली, प्लासिबोपेक्षा ठोस फायदा दिसला नाही. झीज थांबवणारं असं मान्यताप्राप्त औषध आज एकही नाही. कोणी 'कूर्चा परत वाढवतो' म्हणून काही विकत असेल तर दूर राहा.

या आजारात काय चालत नाही हे सिद्ध करण्याचं काम फार प्रामाणिकपणे झालं आहे, आणि त्याचं मला कौतुक वाटतं. २००२ मध्ये अमेरिकेत मोझली यांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर चाचणी केली. काहींचा गुडघा दुर्बिणीने आतून धुतला, काहींचा खरवडून साफ केला, आणि काहींच्या गुडघ्यावर फक्त चिरा देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षं पाठपुरावा झाला. तिन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. जगभर सर्रास होणारी शस्त्रक्रिया होती ती.

२०१७ ची दुसरी चाचणी. १४० रुग्णांच्या गुडघ्यात दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं, स्टेरॉइडचं किंवा साध्या सलाइनचं इंजेक्शन. दुखण्यात दोन्ही गट सारखे, पण स्टेरॉइडच्या गटात कूर्चा जास्त पातळ झाली. तीव्र कळ असताना एखादं इंजेक्शन घेणं वेगळं. दर तिमाहीला ठरवून घेणं मी कोणालाही सुचवणार नाही.

चालतं ते मांडीच्या स्नायूंना बळ देणं आणि वजन. गुडघ्यावर वजनाचा परिणाम चौपट होतो: एक किलो कमी झालं की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. २०२४ मध्ये वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाची ४०७ जणांवरची चाचणी आली, लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज दोन्ही असलेल्यांवर. ६८ आठवड्यांनी १०० गुणांच्या मापावर दुखणं औषधाच्या गटात सुमारे ४२ ने कमी झालं, प्लासिबोच्या गटात सुमारे २८ ने. यात वजनाचा वाटा किती आणि दाह कमी होण्याचा किती, यावर अजून वाद आहे. प्लासिबोच्या गटाचा आकडाही नीट बघा, त्यांनाही व्यायाम आणि आहाराचा सल्ला मिळत होता.

कोरांटी

धन्यवाद. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल मला सुचवलं गेलं होतं. आता दुसरं मत घेते.

निरभ्र

मला गाऊट आहे. त्याचा या सगळ्याशी संबंध आहे का, की तो फक्त युरिक ॲसिडचा मामला?

शमी

@निरभ्र, दाह कसा पेटतो हे सगळ्यात स्वच्छ गाऊटमध्येच दिसतं. सुजलेल्या सांध्यातला थेंबभर द्राव काचपट्टीवर घेऊन ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला की युरेटचे सुईसारखे स्फटिक दिसतात. सूक्ष्मदर्शकातल्या कॉम्पेन्सेटर नावाच्या काचेच्या अक्षाला समांतर असलेली सुई पिवळी, काटकोनात असलेली निळी. काचपट्टी फिरवली की रंगांची अदलाबदल. कित्येकदा ती सुई पांढऱ्या पेशीच्या पोटात आरपार घुसलेली असते. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ही पद्धत १९६१ मध्ये मांडली, आम्ही अजून तीच वापरतो. पेशीने सुई गिळल्यावर नेमकं काय होतं हे कळायला मात्र २००६ उजाडलं. युर्ग चॉप यांच्या गटाने दाखवलं की स्फटिकामुळे पेशीतलं एनएलआरपी३ नावाचं यंत्र चालू होतं आणि त्यातून इंटरल्युकिन-१ बाहेर पडतं. पायाचा अंगठा ठणकतो तो त्याने.

झटका चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, त्यावरून गाऊट नाही असं समजू नका. एरवी ते ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ठेवलं तर स्फटिक हळूहळू विरघळतात. सांध्यांच्या दीर्घकालीन आजारांत इतकं मुळावर नेमका इलाज असलेला आजार विरळाच, तरी लोक झटक्यापुरती गोळी घेऊन वर्षं काढतात याचं वाईट वाटतं.

अबोली_

बहिणीला मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय. आम्ही नेटवर पाहिलं तर ते कॅन्सरचं औषध निघालं. घरचे सगळे घाबरलेत. शिवाय त्या नव्या इंजेक्शनांनी क्षयरोग होतो असंही वाचलं. न घेतलेलं बरं असं वाटायला लागलंय.

आर्द्रा

@अबोली_, आमच्याकडे याच भीतीने आईचं औषध सुरू व्हायला उशीर झाला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट फार मोठ्या मात्रेत देतात. आमवातात ७.५ ते २५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा. एवढ्या मात्रेत ते पेशी मारण्यापेक्षा दाह शमवण्याचं काम करतं. १९८० च्या दशकापासून आमवातात वापरात आहे आणि आजही उपचाराचा पाया तेच आहे. काळजी घ्यायची ती अशी. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतल्याने लोक दगावले आहेत. वार ठरवा आणि तो पाकिटावर ठळक लिहा. सोबत फोलिक ॲसिड डॉक्टर देतीलच. यकृत आणि रक्तपेशींच्या तपासण्या ठरलेल्या अंतराने करायच्या, त्या चुकवायच्या नाहीत. आणि गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही, तेव्हा बहिणीने मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा.

क्षयरोगाचं वाचलंत ते खरं आहे. शरीर क्षयाचे जंतू पेशींच्या गाठीत कोंडून ठेवतं आणि ती गाठ टिकवायला टीएनएफ लागतं. ते अडवलं की झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधानंतरचे असे ७० रुग्ण नोंदले गेले, निम्म्याहून जास्त जणांत तो फुप्फुसाबाहेर होता. त्यानंतर ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करणं नेहमीचं झालं. तो सापडला तर आधी त्यावर उपचार, मग इंजेक्शन. जेएके हे पेशीच्या आत निरोप पोचवणारं एन्झाइम अडवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच: त्यातल्या टोफासिटिनिबच्या मोठ्या चाचणीत, पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत, हृदयविकार आणि कर्करोग टीएनएफ-विरोधी औषधांपेक्षा जास्त दिसले. म्हणून ती कोणाला द्यायची हे आता पारखून ठरवतात.

आणि सगळ्यांना महागडं इंजेक्शन लागतंच असं नाही. २०१३ मध्ये ३५३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, मेथोट्रेक्सेट एकट्याने पुरत नसलेल्यांना एका बाजूला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडून दिलं, दुसऱ्या बाजूला एटानरसेप्ट हे टीएनएफ अडवणारं इंजेक्शन. जुन्या गोळ्यांचं त्रिकूट कमी पडलं नाही.

दूरस्थ

एक गोष्ट राहतेय. सूज गेली, रक्ताचे रिपोर्ट उत्तम, आणि तरी दुखतंय, थकवा जात नाही, असे रुग्ण माझ्याकडे खूप येतात. त्यांना 'आता तुम्हाला काही नाही' असं सांगितलं जातं, ते चूक आहे. दीर्घ दाहानंतर मज्जासंस्था संवेदनशील होऊन बसते, वेदना स्वतंत्रपणे चालू राहते. त्यावर आणखी दाहशामक औषध वाढवून उपयोग नसतो. झोप, हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि वेदनेवरचे वेगळे उपचार लागतात.

शमी

सहमत. आणि सगळ्यांचा आमवात आतून एकसारखा नसतो, हेही आता दिसतंय. २०२१ ची आर४आरए चाचणी: १६४ रुग्णांच्या सांध्याच्या अस्तराचा तुकडा घेऊन, त्यात प्रतिपिंडं बनवण्यात भाग घेणाऱ्या बी-पेशी किती आहेत ते पाहून औषधांची तुलना. जनुकांच्या पातळीवर वर्गवारी केली तेव्हा बी-पेशी कमी असलेल्यांत इंटरल्युकिन-६ चं काम अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबला ६३ टक्के जणांनी प्रतिसाद दिला, बी-पेशी घटवणाऱ्या रिटुक्सिमॅबला ३६ टक्क्यांनी. आज एक औषध काही महिने देऊन बघायचं, नाही लागू पडलं की दुसरं, असं चालतं. ते महिने वाचवणं हे या संशोधनाचं ध्येय आहे. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला विजेचे सूक्ष्म स्पंद देऊन दाह कमी करणारं रोपणही २०२५ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. अमेरिकी संशोधक केविन ट्रेसी यांनी २००२ च्या सुमारास मांडलेल्या कल्पनेतून ते आलं आहे. मला व्यक्तिशः अस्तराच्या तपासणीकडून जास्त आशा आहे.

वाटसरू

अपडेट: ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची वेळ मिळाली, अँटी-सीसीपीही करायला दिलीय. अजून एक विचारतो. मोठ्या भावाला आमवात आहे, वर्षभर काहीच त्रास नाही, म्हणून त्याने परस्पर गोळ्या बंद केल्यात. चालेल का?

आर्द्रा

@वाटसरू, बरं झालं वेळ मिळाली. सकाळचे फोटो न्यायला विसरू नका.

भावाबद्दल: नॉर्वेमध्ये नेमक्या याच प्रश्नावर चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार निदान वर्षभर पूर्ण शांत असलेले रुग्ण. अर्ध्यांनी गोळ्यांची मात्रा तीच ठेवली, अर्ध्यांनी निम्मी केली. वर्षभरात आजार उलटला तो मात्रा तीच ठेवणाऱ्यांत ६ टक्के जणांचा, निम्मी करणाऱ्यांत २५ टक्के जणांचा. हे फक्त निम्मी करण्याचं आहे, बंद करण्याचं नाही. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर निम्मी करूनही चारातले तिघे ठीक राहिले, त्यामुळे कमी करायची इच्छा चुकीची नाही. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, सांधे मोजत, पायरीपायरीने. भावाला या आठवड्यात फोन करायला सांगा, आणि बोटांच्या मुळांची डॉपलर सोनोग्राफी करून घेता येईल का तेही विचारा. त्रास नाही याचा अर्थ अस्तर शांत आहे असा होतोच असं नाही.